आज्ञावली, डेटाबेस आणि मधला दुभाषी



अमेरिकेच्या नौदलातील एका विनाशिकेसाठी तयार केलेल्या आज्ञावलीची, म्हणजे प्रोग्रॅमची ही गोष्ट आहे. लढाईत नौकेला तडाखा बसला आणि नळांच्या जाळ्यात कुठे मोडतोड झाली, तर कोणती झडप बंद करायची व कोणती उघडायची हे संगणकाने सांगावे, असे तिचे काम होते. झडपांची सर्व माहिती ‘इन्फॉर्मिक्स’ नावाच्या डेटाबेसमध्ये होती. हा डेटाबेस एका स्वतंत्र सर्व्हरच्या ताब्यात असे आणि तो सर्व्हर अधूनमधून बंद पडे. मग आज्ञावली स्वतः धडधाकट असूनही पडद्यावर एवढेच उमटे, की डेटाबेसशी संबंध जोडता येत नाही. पडद्यावरची सूचना आज्ञावलीची, म्हणून ठपका आज्ञावली लिहिणाऱ्यावर! त्याचे नाव रिचर्ड हिप. त्याने पुढे काय केले ते शेवटी पाहू. त्याआधी हा ‘संबंध’ म्हणजे काय, ते समजून घेतले पाहिजे.

डेटाबेस म्हणजे नीट मांडून ठेवलेला माहितीचा साठा. शाळेच्या ग्रंथालयातील दाखल-नोंदवही डोळ्यांसमोर आणा. एका ओळीत एक पुस्तक आणि उभे रकाने क्रमांक, नाव, लेखक, किंमत असे. आय. बी. एम. कंपनीतील एडगर कॉड यांनी १९७० साली असे सुचवले, की सर्व माहिती अशा तक्त्यांतच ठेवावी आणि ती संगणकात नेमकी कुठे व कशी साठवली आहे याची चिंता विचारणाऱ्याने करू नये. १९७४ साली त्याच कंपनीतील डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी तक्त्यांना प्रश्न विचारण्याची एक भाषा मांडली. आज ती ‘एसक्यूएल’ या नावाने ओळखली जाते.

आता तुम्ही विचाराल, बहुतेक डेटाबेसना ही एकच भाषा कळते, तर मग अडचण कुठे आली?

अडचण अशी, की भाषा एक असली तरी निरोप पोचवण्याची रीत प्रत्येकाची निराळी. ‘पोस्टग्रेस’ या डेटाबेसकडे प्रश्न पाठवताना आधी संदेशाचा प्रकार सांगणारे एक अक्षर, मग चार बाइटमध्ये लांबी आणि त्यानंतर मजकूर असा क्रम ठेवावा लागतो. ‘मायएसक्यूएल’कडे पाठवताना आधी तीन बाइटमध्ये लांबी आणि मग एका बाइटमध्ये पुडक्याचा अनुक्रमांक द्यावा लागतो. पहिल्याची भाषा दुसऱ्याशी बोलायला गेलात, तर काहीच साधणार नाही. हे सगळे बारकावे आपल्या आज्ञावलीत लिहीत बसायचे तर मूळ कामाला वेळच उरायचा नाही. म्हणून मध्ये एक दुभाषी ठेवतात. त्याला ‘ड्रायव्हर’ म्हणतात. गाडी हाकणाऱ्याशी याचा संबंध नाही, नाव तेवढे सारखे.

पण दुभाषी ठेवूनही घोळ संपला नाही, कारण आता प्रत्येक दुभाष्याशी बोलण्याची रीत निराळी झाली! ‘पर्ल’ भाषेचेच उदाहरण घ्या. लॅरी वॉल यांनी १९८७ साली प्रसिद्ध केलेली ही स्क्रिप्ट भाषा आहे, म्हणजे तिच्यात आज्ञावली लिहावी आणि लगेच चालवून पहावी. तिच्या चौथ्या आवृत्तीपर्यंत बाहेरचा भाग चालत्या पर्लला जोडण्याची सोय नव्हती. ओरॅकल डेटाबेस हवा, तर त्याचा ड्रायव्हर पोटात घालून बनवलेले ‘ओरापर्ल’ घ्यायचे. सायबेस हवा, तर ‘सिबपर्ल’. दोघांच्या आज्ञाही वेगळ्या. म्हणजे डाळीसाठी एक चूल आणि भातासाठी दुसरे घर, असा प्रकार. १९९४ साली पर्लची पाचवी आवृत्ती आली, तिच्यात ती सोय झाली. तिच्या आधाराने टिम बन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘डीबीआय’ हा मधला भाग उभा केला. आज्ञावलीने फक्त डीबीआयशी बोलायचे, योग्य ड्रायव्हरला हाक मारणे हे डीबीआयचे काम.

‘पायथॉन’ भाषेच्या लोकांनी थोडी वेगळी वाट धरली. त्यांनी मध्ये कोणतीही आज्ञावली ठेवली नाही, तर एक करारपत्र तयार केले. ड्रायव्हर लिहिणाऱ्या प्रत्येकाने कोणत्या नावाच्या क्रिया पुरवायच्या, हे त्यात सांगितले आहे. मार्क-आंद्रे लेम्बुर्ग यांच्या देखरेखीखाली झालेली त्याची दुसरी आवृत्ती १९९९ सालची असून तीच आजही वापरात आहे.

या कराराचे स्वरूप रेल्वे आरक्षणाच्या छापील अर्जासारखे आहे. अर्जात गाडी, तारीख, नाव, वय यांचे रकाने ठरलेले असतात. खिडकीमागे कोण बसले आहे, त्याचे यंत्र जुने की नवे, हे आपल्याला ठाऊक असण्याची गरज नाही. पायथॉनमध्येही तसेच. ‘कनेक्ट’ म्हटले, की खिडकी उघडते. ‘कर्सर’ मागितला, की कामाला माणूस मिळतो. ‘एक्झिक्यूट’ म्हणजे अर्ज आत सरकवणे आणि ‘फेच’ म्हणजे आलेले उत्तर उचलून घेणे. पाचवी क्रिया ‘कमिट’, म्हणजे नोंद पक्की करणे.

या पाचव्या क्रियेने मला चांगलाच धडा शिकवला. ग्रंथालयातील दीडएकशे पुस्तकांची नावे मी एका संध्याकाळी बसून भरली. मध्येच यादी मागवून पाहिली, सगळी जागच्या जागी! समाधानाने संगणक बंद केला. दुसऱ्या दिवशी उघडून पाहतो, तो तक्ता कोरा. ‘कमिट’ म्हणायचे राहिले होते. करारानुसार नोंदी आधी कच्च्या असतात आणि पक्क्या न करता खिडकी बंद केली, तर त्या पुसल्या जातात. हा जाच वाटेल, पण त्यामागे कारण आहे. समजा, एका खात्यातून शंभर रुपये वजा केले आणि दुसऱ्यात जमा करण्यापूर्वी वीज गेली. वजाबाकी तेवढी पक्की झाली असती, तर शंभर रुपये गेले कुठे? म्हणून दोन्ही नोंदी मिळून एकदमच पक्क्या करायच्या, नाहीतर एकही नाही.

आता अर्जाच्या रकान्यांकडे वळू. नवीन शिकणारा हमखास चुकतो ते इथे. समजा, वाचकाने लेखकाचे नाव टंकले आणि तुम्ही ते सरळ प्रश्नाच्या वाक्यात चिकटवले. एसक्यूएलचे ते वाक्य मराठीत असे होईल :

पुस्तके या तक्त्यातून नाव दे, जेथे लेखक = 'पाटील'

इथवर ठीक. पण गोव्यातील डिसोझा हे आडनाव रोमन लिपीत लिहिताना पहिल्या अक्षरानंतर वर एक लहान स्वल्पविरामासारखी खूण येते. तीच खूण एसक्यूएलमध्ये मजकूर संपल्याची असते. मग वाक्य होते लेखक = 'डी'सोझा'. डेटाबेसच्या मते नाव ‘डी’पाशीच संपले, आणि पुढचे ‘सोझा’ काय आहे ते त्याला कळत नाही. बिचाऱ्या डिसोझांचे पुस्तक मिळत नाही आणि दोष त्यांच्या आडनावाचा ठरतो!

याहून वाईट म्हणजे, कोणी मुद्दाम क' किंवा '१'='१ असे ‘नाव’ टंकले तर? वाक्य बनेल : जेथे लेखक = 'क' किंवा '१'='१'. एक बरोबर एक हे तर सदाचेच खरे, म्हणून तक्त्यातील प्रत्येक ओळ बाहेर येईल. ग्रंथालयात यामुळे फार बिघडणार नाही, पण तक्ता ग्राहकांचा असेल तर? ब्रिटनमधील ‘टॉकटॉक’ या दूरध्वनी कंपनीवर ऑक्टोबर २०१५ मध्ये याच जातीचा हल्ला झाला. १,५६,९५९ ग्राहकांची खाजगी माहिती परक्या हाती पडली आणि पुढच्या वर्षी तेथील माहिती आयुक्तांनी कंपनीला चार लाख पौंड दंड केला. हा हल्ला कसा होतो याचे वर्णन १९९८ सालीच प्रसिद्ध झाले होते, हे विशेष.

यावरचा उपाय अर्जातच आहे. नावाच्या रकान्यात कोणी ‘गाडी रद्द करा’ असे लिहिले, म्हणून गाडी रद्द होत नाही. फार तर एक विचित्र नावाचा प्रवासी ठरतो. तसेच प्रश्नाच्या वाक्यात नावाच्या जागी नुसते ? लिहायचे आणि नाव वेगळे द्यायचे. मग ड्रायव्हर ते नाव एकतर स्वतंत्रपणे पाठवतो, नाहीतर त्यातील खुणा निरुपद्रवी करून पाठवतो. नाव हे नावच राहते.

इथे पायथॉनच्या करारातील एक उणीव सांगितलीच पाहिजे. रिकामी जागा दाखवण्याच्या पाच पद्धतींना त्याने मान्यता दिली आहे. त्यामुळे एका ड्रायव्हरला प्रश्नचिन्ह चालते, तर दुसऱ्याला टक्क्याचे चिन्ह लागते. डेटाबेस बदलला, की ही वाक्ये पुन्हा तपासावी लागतात. पर्लच्या डीबीआयमध्ये सगळीकडे प्रश्नचिन्ह चालते, आणि माझ्या मते तेच अधिक शहाणपणाचे होते. शिवाय ‘मोंगोडीबी’सारखे काही डेटाबेस मुळात तक्तेच ठेवत नाहीत. त्यांच्यापुढे हा अर्जच निरुपयोगी ठरतो, त्यांची रीत वेगळीच शिकावी लागते.

आता पुन्हा हिप यांच्याकडे. त्यांनी विचार केला, झडपांची माहिती आपण नुसती वाचतो, मग मध्ये सर्व्हर हवाच कशाला? आज्ञावलीनेच फाइल उघडून वाचली तर? २००० साली त्यांनी तसा डेटाबेस लिहिला, तो ‘एसक्यूलाइट’. तो प्रथम ‘टीसीएल’ या स्क्रिप्ट भाषेचे एक जोडअंग म्हणूनच तयार झाला. बंद पडायला त्यात सर्व्हरच नाही! संपूर्ण डेटाबेस एका फाइलमध्ये मावतो. तुमच्या घरातील मोबाइल फोनमध्येही तो बहुधा असेलच. २००६ सालच्या २.५ या आवृत्तीपासून पायथॉनबरोबर त्याचा ड्रायव्हर आपोआप मिळतो.

शाळेच्या संगणकावर पायथॉन असेल, तर हा प्रयोग करून पहा. पायथॉनच्या दोन खिडक्या उघडा आणि दोन्हींतून एकच एसक्यूलाइट फाइल जोडा. पहिलीत तक्ता तयार करून तो पक्का करा, मग त्यात एक ओळ भरा, पण ‘कमिट’ म्हणू नका. दुसरीत यादी मागा : तक्ता रिकामा दिसेल. आता दुसरीतूनही एक ओळ भरण्याचा प्रयत्न करा. संगणक पाचएक सेकंद थांबेल आणि डेटाबेसला कुलूप आहे असे सांगेल. मग पहिलीत ‘कमिट’ म्हणा आणि दुसरीत पुन्हा यादी मागा.