गुप्त ग्राहकाची मिळकत : हिशेब मांडून पाहिल्यास

‘फावल्या वेळात खरेदी करा आणि वर पैसेही मिळवा’ अशा आशयाच्या जाहिराती आता मोबाइलवर वरचेवर दिसू लागल्या आहेत. महाविद्यालयात जाणारी मुले, दुपारी थोडी मोकळीक मिळणाऱ्या गृहिणी आणि आमच्यासारखी निवृत्त मंडळी त्यांकडे साहजिकच ओढली जातात. या कामाला मिस्ट्री शॉपिंग म्हणतात. हे काम खरे आहे, थोतांड नव्हे. परंतु त्याच्या नावावर थोतांडही पुष्कळ चालते. म्हणून व्यापारी माणूस नव्या धंद्यात पाऊल टाकण्यापूर्वी जे करतो तेच येथेही करावे. आधी आकडेमोड करावी, मग होकार द्यावा.

कामाचे स्वरूप सोपे वाटते. एखादी कंपनी आपली दुकाने, पेट्रोल पंप, वाहनांची शोरूम किंवा उपाहारगृहे कशी चालतात हे पाहण्यासाठी मधल्या संस्थेमार्फत अनोळखी माणूस ग्राहक म्हणून पाठवते. तो खरेदी किंवा चौकशी करतो, बिल जपून ठेवतो आणि ठरलेल्या मुदतीत सविस्तर अहवाल भरतो. अमेरिकेत कर्मचारी गल्ल्यातील रकमेला हात लावतात की काय, हे पाहण्यासाठी ही रीत प्रथम वापरली गेली. 1940 च्या दशकात विलमार्क या संस्थेने तिला आजचे नाव दिले, असे मानले जाते.

बँकांनाही ही पद्धत नवी नाही. मोनिका हालन आणि रेणुका साने यांनी दिल्लीतील बँक शाखांमध्ये असेच ग्राहक पाठवून एक अभ्यास केला होता. गुंतवणुकीचा सल्ला मागणाऱ्या ग्राहकाला खाजगी बँकांतून प्रामुख्याने विमा योजना सुचवल्या जात आणि सरकारी बँकांतून स्वतःच्या मुदत ठेवी, असे त्यात आढळले. योजनेतील खाचाखोचा आपण होऊन कोणी सांगत नसे. आयुष्य बँकेत घालवलेल्या माणसाला हे वाचून वाईट वाटते, आश्चर्य मात्र वाटत नाही.

आता मिळकतीकडे वळू. उदाहरणादाखल एका शोरूमच्या भेटीचे 400 रुपये ठरले असे धरू. सूचना वाचून समजून घेण्यास अर्धा तास, जाण्यायेण्यास दीड तास, प्रत्यक्ष भेटीस पाऊण तास आणि प्रश्नावली भरण्यास सव्वा तास लागला, म्हणजे एकूण चार तास गेले. प्रवासाचे 100 रुपये वजा केल्यास हाती राहिले 300, म्हणजे तासाला 75 रुपये. उपाहारगृहाच्या कामात 500 रुपयांपर्यंतचेच बिल परत मिळणार असेल आणि बिल 620 झाले, तर वरचे 120 आपल्याच खिशातून जातात. पैसे बहुधा महिना-दोन महिन्यांनी येतात, तोवर आपले भांडवल बिनव्याजी अडकून पडते. अहवाल मुदतीत गेला नाही, बिलाचे छायाचित्र अस्पष्ट आले किंवा सांगितलेला एखादा प्रश्न विचारायचा राहिला, तर मेहनताना नाही आणि खर्चही परत नाही, असा प्रसंग ओढवू शकतो. शिवाय हा मेहनताना उत्पन्नच असल्याने विवरणपत्रात दाखवावा लागतो.

व्यापारी कुटुंबांना आणखी एक अडचण आहे. ज्या व्यवसायात आपले घर आहे त्याच व्यवसायातील दुकान तपासण्याचे काम हितसंबंधांमुळे सहसा मिळत नाही, आणि मिळाले तरी घेऊ नये. उपाहारगृहांच्या कामात पदार्थ आणि वेळ पुष्कळदा आधीच ठरवून दिलेली असते. कंदमुळे न खाणाऱ्या आणि सूर्यास्तापूर्वी जेवणाऱ्या घरांत ही कामे आपोआपच गळतात. थोडक्यात, ज्या रस्त्याने एरवीही जायचे आहे आणि जी वस्तू एरवीही घ्यायची आहे, तेथील काम परवडते. त्यावर घर चालत नाही.

खरा धोका निराळाच आहे. नोंदणीसाठी शुल्क मागणारी संस्था दिसली की तेथेच थांबावे. काम देणारा पैसे देतो, घेत नाही. मोबाइलवर संदेश येतो, हॉटेलांना मानांकन देण्याचे किरकोळ काम सांगितले जाते आणि शे-दीडशे रुपये खरोखरच खात्यात जमा होतात. हे आमिष असते. पुढच्या कामासाठी आधी रक्कम भरण्यास सांगतात, नफा पडद्यावर वाढताना दिसतो, आणि काढायला गेल्यावर ‘आधी कर भरा’ असे उत्तर मिळते. अमेरिकेत याच नावाखाली बनावट धनादेश पाठवतात आणि त्यातील काही रक्कम पुढे पाठवून सेवेची तपासणी करावयास सांगतात. धनादेश खोटा ठरेपर्यंत पाठवलेली रक्कम हातची गेलेली असते. तेथील फेडरल ट्रेड कमिशनने याविषयी लोकांना सावध केले आहे. आपल्याकडे कोणी ‘तुमच्या खात्यात पैसे येतील, ते पुढे पाठवा’ म्हटले तर ते फसवणुकीचेच पैसे असण्याचा संभव मोठा. मग पोलीस तपासात खाते गोठवले जाते. तेच दुकानाचे चालू खाते असेल तर देणी, पगार, हप्ते सारेच अडते. फसवणूक लक्षात येताच 1930 या क्रमांकावर कळवावे. येथे एकेक तास मोलाचा असतो, कारण पैसे एका खात्यातून दुसऱ्यात झपाट्याने फिरवले जातात.

हे काम घेणाऱ्याने आणखी एक भान ठेवावे. अहवालात ‘विक्रेत्याने हसून स्वागत केले नाही’ असे आपण सहज लिहितो. त्या ओळीवर एखाद्या मुलीचा प्रोत्साहन भत्ता अवलंबून असू शकतो, आणि ती सकाळपासून उभी असू शकते. जे घडले ते वेळेसह लिहावे. तर्क लिहू नयेत.

माझ्या मते आपल्या वाचकांना या पद्धतीचा अधिक लाभ गल्ल्याच्या या बाजूने आहे. परगावच्या, दुकानातील नोकरांना अपरिचित अशा एखाद्या नातलगाला मालक नसताना दुकानात पाठवावे. कोणी मान वर करून पाहण्यास किती वेळ लागला, न मागता बिल मिळाले का, स्वस्त वस्तू मागितल्यावर चेहरा बदलला का, आणि दुसऱ्या दिवशी माल परत नेल्यावर काय उत्तर मिळाले, एवढ्या चार गोष्टी त्याच्याकडून लिहून घ्याव्यात.