विश्लेषण : म्हाताऱ्या कुत्र्याचे मागचे पाय का लुळे पडतात? ‘डीजनरेटिव्ह मायलोपथी’ काय आहे?

नऊ-दहा वर्षांचा जर्मन शेफर्ड रोजच्यासारखा फिरायला निघतो. पण रस्त्यावर त्याच्या मागच्या पायाची नखे घासल्याचा खरखर आवाज येऊ लागतो. काही आठवड्यांनी वळताना त्याचा तोल जातो, घरातल्या गुळगुळीत फरशीवर मागचे पाय फाकतात, उठायला दोन-तीनदा जोर लावावा लागतो. ‘वय झाले आता’ असे म्हणून घरचे स्वतःची समजूत घालतात. मात्र वय हा आजार नाही. या लक्षणांमागे सांधेदुखी असू शकते, मणक्यातील चकती सरकलेली असू शकते किंवा मज्जारज्जू हळूहळू झिजवणारा ‘डीजनरेटिव्ह मायलोपथी’ हा आजारही असू शकतो. पहिल्या दोहोंवर उपचार आहेत. तिसऱ्यावर नाहीत, पण तिथेही उरलेले दिवस कसे जातील, हे बऱ्याच अंशी घरच्यांच्या हातात असते.

हा आजार नेमका काय आहे?

मेंदूचे आदेश पायांपर्यंत आणि पायांची जाणीव मेंदूपर्यंत मज्जारज्जूतून पोहोचते. या आजारात मज्जारज्जूतील चेतातंतू आणि त्यांच्यावरील आवरण नष्ट होत जाते. सुरुवात साधारण पाठीच्या मधल्या भागातून होते, म्हणून आधी मागचे पाय कमकुवत होतात. अमेरिकी पशुवैद्यक एव्हरिल यांनी १९७३ मध्ये वृद्ध जर्मन शेफर्ड कुत्र्यांमध्ये या आजाराचे वर्णन केले. पुढे बॉक्सर, पेम्ब्रोक वेल्श कॉर्गी, ऱ्होडेशियन रिजबॅक, बर्नीज माउंटन डॉग अशा अनेक जातींमध्ये आणि संकरित कुत्र्यांमध्येही तो आढळला. लक्षणे बहुधा वयाच्या आठव्या वर्षानंतर दिसतात.

या आजाराचे एक वैशिष्ट्य पालकांनी लक्षात ठेवायला हवे : तो मुळात वेदनादायी नाही. पाय लटपटतात, पण कुत्रा कण्हत नाही, भूक चांगली असते, शेपूट हलत असते. पाठीला हात लावताच तो ओरडत असेल, तर कारण दुसरे असण्याची शक्यता अधिक.

तो कशामुळे होतो?

मिसुरी विद्यापीठ आणि ब्रॉड इन्स्टिट्यूट यांच्या संशोधकांनी २००९ मध्ये या आजाराचा संबंध ‘एसओडी-१’ या जनुकातील दोषाशी असल्याचे दाखवून दिले. आई आणि वडील या दोघांकडून सदोष जनुक मिळालेल्या पिल्लाला पुढे आजाराचा धोका असतो. एकाच पालकाकडून मिळाल्यास ते पिल्लू बहुधा केवळ वाहक राहते. अर्थात दोन्ही प्रती सदोष असलेल्या प्रत्येक कुत्र्याला आजार होतोच असे नाही. त्यामुळे रक्ताच्या किंवा गालातील आवरणाच्या नमुन्यावरून होणारी जनुकीय चाचणी धोका सांगते, निदान नव्हे. तिचा खरा उपयोग प्रजननात आहे. दोन वाहकांची जोडी लावली नाही, तर पुढच्या पिढीतील आजार टाळता येतो. जर्मन शेफर्डचे पिल्लू घेताना आई-वडिलांची ही चाचणी झाली आहे का, हे विचारायला हवे.

माणसांमधील आजाराशी काय संबंध?

माणसांत ‘एएलएस’ हा मोटर न्यूरॉनचा आजार होतो. या आजाराशी जोडलेले पहिले जनुक १९९३ मध्ये सापडले, ते हेच ‘एसओडी-१’. त्यामुळे कुत्र्यांमधील या आजाराकडे संशोधक माणसांतील आजाराचे नैसर्गिक प्रारूप म्हणून पाहतात. ‘एसओडी-१’मधील दोषामुळे एएलएस झालेल्या रुग्णांसाठी ‘टोफरसेन’ या औषधाला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने एप्रिल २०२३ मध्ये मंजुरी दिली. सदोष प्रथिनाची निर्मिती कमी करणे हे त्याचे काम. कुत्र्यांसाठी मात्र असे कोणतेही औषध आज रोजच्या उपचारांत नाही.

निदान कसे होते?

पशुवैद्यक सर्वप्रथम कुत्र्याची चाल पाहतात. त्यानंतर उभ्या कुत्र्याचा पंजा हलकेच उलटा करून जमिनीला टेकवतात. निरोगी कुत्रा तो लगेच सरळ करतो. चेतासंस्थेत बिघाड असेल, तर पंजा तसाच उलटा राहतो किंवा सरळ व्हायला वेळ लागतो. पण एवढ्यावरून आजाराचे नाव ठरत नाही. खात्रीशीर निदान मृत्यूनंतर मज्जारज्जूच्या तपासणीतूनच होते. जिवंतपणी इतर शक्यता एकेक करून बाजूला काराव्या लागतात. त्यासाठी क्ष-किरण तपासणी, रक्त तपासणी, शक्य असल्यास एमआरआय आणि मेंदू-मज्जाद्रवाची तपासणी करतात.

हे वगळणे केवळ औपचारिकता नाही. मणक्यातील चकती सरकून मज्जारज्जूवर दाब आला असेल, तर वेळेत शस्त्रक्रिया झाल्यास कुत्रा पुन्हा चालू शकतो. खुब्याच्या सांध्याचा विकार किंवा संधिवात असेल, तर वेदनाशामक औषधांनी फरक पडतो. आपल्याकडे गोचिडांमुळे होणारा ताप आणि डिस्टेंपर यांचाही विचार करावा लागतो. पाय काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत गेले असतील, तर ती तातडीची बाब आहे. डीजनरेटिव्ह मायलोपथी आठवड्या-महिन्यांच्या गतीने वाढते.

पशुवैद्यकाला न विचारता माणसांच्या वेदनाशामक गोळ्या कुत्र्याला देऊ नयेत. आयबुप्रोफेन आणि डायक्लोफेनॅक ही औषधे कुत्र्यांची आतडी आणि मूत्रपिंडे निकामी करू शकतात.

आजार कसा वाढत जातो?

बहुधा एका मागच्या पायापासून सुरुवात होते, मग दुसरा. मोठ्या जातींमध्ये पहिल्या लक्षणापासून सुमारे सहा महिने ते वर्षभरात मागचे पाय पूर्ण लुळे पडतात. कॉर्गीसारख्या लहान चणीच्या कुत्र्यांमध्ये हा प्रवास अनेकदा अधिक लांबतो. पुढे लघवी आणि शौचावरील ताबा जातो, मग पुढचे पाय कमकुवत होतात. अगदी शेवटी गिळणे आणि श्वास घेणेही अवघड होते. बहुतेक कुटुंबे त्या टप्प्यापर्यंत थांबत नाहीत.

व्यायामाने खरोखर फरक पडतो?

यासंदर्भात २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाचा नेहमी उल्लेख होतो. हा आजार असल्याचा अंदाज असलेल्या २२ कुत्र्यांची त्यात पाहणी झाली. रोज भरपूर फिजिओथेरपी मिळालेले कुत्रे सरासरी २५५ दिवस, मध्यम प्रमाणात मिळालेले १३० दिवस, तर अजिबात न मिळालेले ५५ दिवस जगले. आकडे लक्षणीय आहेत, पण ते जपून वाचायला हवेत. कुत्र्यांची संख्या थोडी होती. शिवाय व्यायामासाठी रोज वेळ काढणारे पालक कुत्र्याला निरोप देण्याचा निर्णयही उशिरा घेत असतील, ही शक्यता उरते. तरीही व्यायामाने स्नायू टिकतात, सांधे आखडत नाहीत, याबद्दल पशुवैद्यकांमध्ये दुमत नाही. जीवनसत्त्वे, पूरक गोळ्या किंवा स्टेरॉइड यांनी आजाराची गती कमी होते, असे मात्र सिद्ध झालेले नाही.

व्यायाम म्हणजे दमवणे नव्हे. दिवसातून एकदा लांब फेरी मारण्याऐवजी पाच-दहा मिनिटांच्या चार-पाच फेऱ्या बऱ्या. पोटाखाली आधार देऊन काही मिनिटे उभे करणे, आडवे झोपवून मागचे पाय सायकल चालवल्यासारखे हलकेच फिरवणे, पंजे आणि बोटे चोळणे, हे घरीही जमते. पद्धत मात्र एकदा पशुवैद्यकाकडून किंवा प्राण्यांच्या फिजिओथेरपिस्टकडून शिकून घ्यावी.

घरात कोणते बदल करावेत?

पहिला बदल फरशीत. चकचकीत टाइल्सवर कमकुवत पाय टिकत नाहीत आणि दोन-चारदा पडलेला कुत्रा उठायचेच टाळतो. त्याच्या जागेपासून पाण्याच्या भांड्यापर्यंत आणि दारापर्यंत रबरी पट्टे किंवा जुन्या योगा मॅट अंथरल्या, तरी चालणे सुधारते. सतरंजी टाकायची तर ती सरकणार नाही, याची काळजी घ्यावी. नखे वेळच्या वेळी कापावीत. पंजा घासून रक्त येत असेल, तर बाहेर जाताना मोजे किंवा बूट घालावेत.

दुसरा बदल वजनात. पुढच्या पायांवर आधीच जास्त भार आलेला असतो. बरगड्या दिसू नयेत, पण हात फिरवल्यावर सहज हाताला लागाव्यात, एवढे वजन योग्य. लाडाने दिलेली बिस्किटे इथे महागात पडतात.

उठताना, पायऱ्या उतरताना पोटाखालून घेतलेला जाड टॉवेल किंवा बाजारात मिळणारा पट्टा उपयोगी पडतो. पट्टा लघवीच्या जागेवर दाबला जाणार नाही, हे पाहावे. इमारतीत राहणाऱ्यांसाठी लिफ्ट ही गरज ठरते. पाळीव कुत्र्यांना लिफ्ट वापरण्यास सोसायट्यांनी मनाई करू नये, असे भारतीय पशुकल्याण मंडळाने २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये स्पष्ट केले आहे.

मागचे पाय ओढले जाऊ लागले की चाकांच्या गाडीचा विचार करावा. पुढचे पाय भक्कम असतानाच ती आणली, तर कुत्रा तिला लवकर सरावतो. उंची, पोटाची रुंदी आणि वजन मोजूनच ती बनवून घ्यावी. सुरुवात काही मिनिटांपासून करावी आणि गाडीत असताना त्याला एकटे सोडू नये.

पावसाळ्यात कोणता धोका अधिक?

हालचाल थांबलेल्या कुत्र्याला त्रास होतो तो बहुधा त्वचा आणि मूत्राशय यांचा. एकाच कुशीवर पडून राहिल्यास खुबा आणि कोपरावर जखमा होतात. लघवीने ओली राहिलेली कातडी सोलवटते. दमट हवेत अशा जागी माश्या अंडी घालतात आणि एक-दोन दिवसांत जखमेत अळ्या पडतात. म्हणून दर तीन-चार तासांनी कूस बदलावी. जाड फोमच्या गादीवर रेग्झिन आणि त्यावर रोज धुता येईल अशी चादर घालावी. मागच्या भागातले केस कापून ठेवावेत. कोमट पाण्याने पुसल्यावर अंग पूर्ण कोरडे करावे. रोज सगळीकडे हात फिरवून तपासावे.

मूत्राशय पूर्ण रिकामे होत नसेल, तर पोटावर हलका दाब देऊन ते रिकामे करण्याची पद्धत पशुवैद्यकाकडून शिकता येते. लघवीला उग्र वास येणे, ती गढूळ होणे किंवा लालसर दिसणे ही संसर्गाची खूण. लक्षात ठेवायचे ते असे, की आजार वेदनारहित असला तरी या जखमा आणि संसर्ग वेदनारहित नसतात.

थांबायचे कधी?

हा प्रश्न प्रत्येक घरात येतो आणि त्याचे ठरावीक उत्तर नाही. चालता येत नाही, एवढ्यावरून निरोपाची वेळ झाली असे होत नाही. गाडीत बसून दारावर भुंकणारा, वेळेवर जेवण मागणारा कुत्रा समाधानी असू शकतो. दुसरीकडे, जेवणावरचे मन उडाले, जखमा भरत नाहीत, पुढचे पाय साथ सोडू लागले, श्वासाला धाप लागते, अशी स्थिती आल्यावर लांबवण्यात त्याचे हित नसते. पशुवैद्यक भूल देऊन वेदनारहित मृत्यू देऊ शकतात. तो पर्याय कधी घ्यायचा, याबद्दल निदानाच्या वेळीच बोलून ठेवलेले बरे. घाईत, मध्यरात्री घेतलेला निर्णय नंतर घरच्यांना सलत राहतो.

काही पशुवैद्यक यासाठी एक साधा उपाय सुचवतात. भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज रात्री एक खूण करायची : आजचा दिवस त्याच्यासाठी चांगला गेला की वाईट? खाणे, झोप, स्वच्छता, माणसे आल्यावर होणारा आनंद, एवढेच पाहायचे. वाईट दिवस चांगल्या दिवसांपेक्षा जास्त दिसू लागले, की पशुवैद्यकाला फोन करायचा. काळजी घेणाऱ्याची दमणूकही या हिशेबात धरावी. तीस किलोचा कुत्रा दिवसातून आठ वेळा उचलणे एकट्याचे काम नाही. घरात पाळ्या लावल्या, तर कुत्र्याची निगाही नीट राहते आणि माणसाची पाठही.