कातड्याने बांधलेला दगड : वस्तू, दुरुस्ती आणि शब्द

वस्तूला नाव देताना आपण तिच्याविषयी एक विधानच करत असतो. उत्तर अमेरिकेच्या गवताळ मैदानांवरील लाकोटा व शेजारच्या समाजांचे दगडी डोक्याचे, कातड्याने बांधलेले सोटे पाहा. मराठीत ‘गदा’ म्हटले की भीम आठवतो. विक्रेते सर्रास ‘टॉमहॉक’ म्हणतात. पण तो शब्द व्हर्जिनियातील अल्गॉन्क्वियन भाषेतला आहे, तर लाकोटा ही सू कुलातील भाषा आहे. शिवाय जड डोक्याचे कित्येक नग शस्त्रे नव्हतेच. वाळवलेले मांस त्यांनी कुटत आणि चरबी मिसळून पेमिकन करत. (‘पेमिकन’च्या मुळाशी क्री भाषेतील चरबीवाचक शब्द आहे.) अशा अवजारास दांड्याचा ‘बत्ता’ म्हणणे अधिक न्याय्य ठरेल.

त्याची बांधणी समजून घ्या. जात्याला टाकी लावावी तशी ठोके देऊन दगडाभोवती खाच पाडत, तिच्यात लवचिक काठी वळवत आणि वरून ओले कातडे ताणून स्नायुतंतूंनी शिवत. येथे ‘कातडे’ हाच शब्द हवा, ‘चामडे’ नव्हे. चामडे कमावलेले असते. न कमावलेले कातडे वाळताना आकसते आणि दगडाला घट्ट आवळते. दमट हवेत सैल पडणारा आणि शेकल्यावर ताठ होणारा डफ तुम्ही पाहिलाच असेल.

हाच गुण दुरुस्तीत घात करतो. फाटलेले जुने कातडे भिजवून पुन्हा ताणावे, असा मोह नवख्या संग्राहकास होतो. भिजलेले कातडे वाळताना पुन्हा आकसते आणि ठिसूळ झालेल्या शिवणीजवळ चिरते. म्हणून जाणकार संवर्धक ते कोरडेच ठेवतात, हवेतील आर्द्रता स्थिर राखतात आणि चिरेला पातळ जपानी कागद व पुढे काढता येईल अशी खळ लावून आधार देतात. नवे कातडे चढवणे मला तरी गैर वाटते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस प्रवाशांना विकण्यासाठीही असे सोटे बनत. वापरातला नग आणि विक्रीचा नग यांतील फरक बऱ्याचदा झिजेत व शिवणीतच दिसतो. तोच पुरावा नव्या कातड्याखाली जातो. आणखी एक सावधगिरी : पूर्वी किडीपासून रक्षणासाठी संग्रहालये अशा वस्तूंना आर्सेनिक लावत. हातमोजे घातल्याशिवाय त्यांना हात लावू नये.

वस्तू कोणाची, हा प्रश्नही उरतोच. थडग्यांतील व पवित्र वस्तू मूळ समाजांना परत देण्याविषयी अमेरिकेत १९९० साली कायदा झाला. संघराज्याचा निधी घेणाऱ्या संग्रहालयांना तो लागू आहे. तेव्हा नोंदवहीत ‘सोटा’ की ‘बत्ता’ हे लिहिण्याआधी वस्तू कोठून व कशी मिळाली ते लिहावे. आणि दुरुस्ती झाली असल्यास जुने किती, नवे किती, हेही.