मटाराएवढा शिकारी आणि त्याची टाकी

जेमतेम अडीच-तीन सेंटिमीटर लांबीचा, हिरवट-पिवळ्या अंगावर काळे ठिपके असलेला एक मासा अलीकडे मत्स्यालयांच्या दुकानांत हमखास दिसतो. त्याचे दोन्ही डोळे एकाच वेळी वेगवेगळ्या दिशांना फिरतात. काचेजवळ बोट नेले, तर तो तिथेच पाण्यात थांबून आपल्याकडे निरखून पाहतो. दुकानदार त्याला ‘पी पफर’, म्हणजे मटार पफर, म्हणतात. शास्त्रीय नाव कॅरिनोटेट्राओडॉन ट्रॅव्हनकोरिकस. गप्पी, मोली, एंजल असलेल्या हिरव्यागार टाकीत हा एखादा सोडला तर शोभा वाढेल, असे कुणालाही वाटेल. पण हा मासा शोभेसाठी घडलेला नाही, शिकारीसाठी घडला आहे. त्याच्या शरीराची रचना समजून घेतली, तर त्याला वेगळी टाकी का द्यावी लागते ते आपोआप कळते.

पफर म्हणजे फुगणारा मासा. त्याचे समुद्री भाऊबंद सिंधुदुर्गच्या मच्छीमारांना चांगले परिचित आहेत. मालवणकडे त्यांना केंड म्हणतात आणि जाळी कुरतडणारा मासा म्हणून त्यांचा धसका घेतात. ही ताकद दातांची. या कुळात वरच्या आणि खालच्या जबड्यात प्रत्येकी दोन दात एकसंध पट्टीसारखे वाढून त्यांची चोच बनते. हे दात आयुष्यभर वाढत राहतात. गोगलगायींचे शंख आणि खेकड्यांची कवचे फोडताना ते झिजतात, म्हणूनच ते प्रमाणात राहतात. कठीण कवचाचे खाद्य मिळाले नाही तर मोठ्या जातींत दात इतके वाढतात की माशाला तोंड उघडणेही कठीण जाते.

फुगण्याची रचनाही अजब आहे. या माशांना बरगड्या नसतात आणि पोटाखालचे जोडपरही नसतात. संकट आले की मासा घोट घोट पाणी पोटात भरतो आणि लवचिक कातडी ताणली जाऊन त्याचा गोल होतो. हे काम त्याला महागात पडते. ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी २०१४ साली एका समुद्री पफरवर केलेल्या अभ्यासात, फुगल्यावर माशाची ऑक्सिजनची गरज विश्रांतीच्या पाचपट झाल्याचे आणि पूर्ववत व्हायला सरासरी साडेपाच तास लागल्याचे आढळले. टाकीतल्या पफरला गंमत म्हणून फुगायला लावणे ही गंमत नाही, छळ आहे.

पफरच्या विषाबद्दल पुष्कळ बोलले जाते. समुद्री पफरमधल्या विषाला जपानी शास्त्रज्ञ योशिझुमी ताहारा यांनी १९०९ साली टेट्रोडोटॉक्सिन हे नाव दिले. थायलंड, बांगलादेश आणि ब्राझीलमधल्या गोड्या पाण्यातल्या काही पफरमध्ये सॅक्सिटॉक्सिन हे दुसरे विष सापडले आहे. हा धोका मासा खाल्ल्यावर आहे, टाकीत पाळण्यात नाही. तरी टाकीत हात घातल्यावर साबणाने धुवावेत आणि मेलेला पफर कुत्र्या-मांजरांच्या तोंडी लागू देऊ नये.

पी पफर मूळचा आपल्याच सह्याद्रीचा. केरळ आणि दक्षिण कर्नाटकातल्या पश्चिम घाटाच्या नद्या सोडून तो जगात कुठेही निसर्गतः सापडत नाही. १९४१ साली सुंदरलाल होरा आणि के. के. नायर यांनी पंबा नदीतल्या नमुन्यांवरून त्याचे वर्णन केले. त्याच्या प्रजातीतले बहुतेक नातलग मात्र थायलंड, बोर्निओ, सुमात्रा अशा दूरच्या प्रदेशांत राहतात. पश्चिम घाटातले मासे आणि आग्नेय आशियातले मासे एवढे जवळचे कसे, हा प्रश्न होरांना पडला होता. डोंगरी प्रवाहांतले मासे विंध्य-सातपुड्याच्या वाटेने इकडे आले असावेत, अशी त्यांची प्रसिद्ध उपपत्ती आहे. या छोट्याशा माशामागे एवढा मोठा भूगोल उभा आहे.

आता टाकीकडे येऊ. पफर पोहतो तो छातीचे, पाठीचे आणि शेपटीजवळचे पर हलवत. त्यामुळे तो जागच्या जागी थांबू शकतो, मागेही सरकू शकतो. वेग मात्र त्याच्याकडे नाही. अशा शिकाऱ्याला लांब, झुळझुळणारी, संथ हलणारी वस्तू दिसली की तो तिचा लचका तोडतो. आपल्याकडे हिवताप विभाग डासांच्या अळ्या खाण्यासाठी हौदांत गप्पी सोडतो, त्यामुळे गप्पी घरोघरी परिचयाचे. त्याच गप्पीची शेपटी पफरच्या टाकीत शाबूत राहत नाही. बेट्टा, एंजल आणि कोळंबी यांचीही तीच गत होते. झेब्रा डॅनिओसारख्या चपळ माशांबरोबर काहींचे जमते, पण त्याची हमी कुणीच देऊ शकत नाही. शिवाय खाताना चपळ मासे पुढे धावतात आणि निरखून खाणारा पफर उपाशी राहतो. म्हणून पफरची टाकी फक्त पफरची असावी. सहा मासे ठेवायचे तर ७५-८० लिटरची टाकी घ्यावी. नर एकमेकांशी भांडतात, म्हणून एका नरामागे दोन-तीन माद्या ठेवाव्यात. मोठ्या नराच्या पोटावर गडद रेघ आणि डोळ्यामागे सुरकुत्या दिसतात, त्यावरून तो ओळखता येतो.

वनस्पती इथे सजावटीसाठी नसतात. एकाची नजर दुसऱ्यावर सतत पडू नये, यासाठी दाट झाडीची आडोशाची जागा लागते. शाळेत प्रकाशसंश्लेषणाच्या प्रयोगात पाहिलेली हायड्रिला, व्हॅलिसनेरिया, जावा मॉस या टिकाऊ वनस्पती चांगल्या. मॉसमध्ये मादी अंडीही घालते. तलावातून आणलेली वनस्पती मात्र काही दिवस वेगळ्या भांड्यात ठेवून, धुऊन मगच टाकीत लावावी.

मराठवाड्यातल्या हिंगोलीसारख्या ठिकाणी टाकी ठेवताना तीन गोष्टींकडे खास लक्ष द्यावे लागते. पहिली पाण्याची. बेसाल्टच्या खडकातले बोअरचे पाणी जड असते. पी पफरला मध्यम जड पाणी चालते आणि त्यातल्या कॅल्शियममुळे गोगलगायींचे शंखही मजबूत राहतात. नळाच्या पाण्यात टीसीएल म्हणजे क्लोरीनयुक्त ब्लीचिंग पावडर असते. असे पाणी उघड्या भांड्यात दिवसभर ठेवावे किंवा क्लोरीन घालवणारे औषध वापरावे. दुसरी गोष्ट उन्हाळ्याची. वीस अंश तापमानाच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळतो, तीस अंशांना तो साडेसातवर येतो. एप्रिल-मेमध्ये टाकी उन्हाने तापणाऱ्या भिंतीपासून लांब ठेवावी आणि झाकण उघडे ठेवून पंख्याचा वारा द्यावा. तिसरी गोष्ट विजेची. रात्री वनस्पतीही ऑक्सिजन वापरतात. त्यातच वीज गेली, तर पहाटेपर्यंत मासे पृष्ठभागावर तोंड काढू लागतात. बॅटरीवर चालणारा एअर पंप ही चैन नाही, गरज आहे.

माशाच्या विष्ठेतून अमोनिया तयार होतो. काही जिवाणू त्याचे नायट्राइट करतात आणि दुसरे त्या नायट्राइटचे नायट्रेट. ही जिवाणूंची वस्ती फिल्टरमध्ये बसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. पफरला खवले नसल्यामुळे अशुद्ध पाणी आणि तांब्याची औषधे त्याला लवकर बाधतात. म्हणून टाकी आधी तयार होऊ द्यावी, मासा नंतर आणावा.

कोरडे दाणे पी पफर सहसा खात नाही. गोठवलेले ब्लडवर्म, डाफ्निया आणि छोट्या पाणगोगलगाई हा त्याचा आहार. गोगलगाई ओढ्यातून थेट आणू नयेत. आपल्याकडच्या इंडोप्लॅनॉर्बिससारख्या गोगलगाई गुरांच्या पर्णकृमींच्या वाहक असतात आणि त्यांतून बाहेर पडणाऱ्या अळ्यांमुळे माणसाच्या त्वचेलाही खाज सुटते. एका वेगळ्या बरणीत गोगलगाईंची पैदास करणे सोपे आणि सुरक्षित आहे.

आता सर्वांत महत्त्वाचे. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या यादीत पी पफर ‘असुरक्षित’ गटात आहे. २००५ ते २०१२ या काळात भारतातून धोक्यात आलेल्या जातींचे किमान १५ लाख गोड्या पाण्यातले मासे निर्यात झाल्याचे संशोधकांनी नोंदवले आहे. त्यांत मोठा वाटा ज्या जातींचा होता, त्यात पी पफर आहे आणि महाराष्ट्राच्या पश्चिम घाटातही सापडणारा बोटिया स्ट्रायाटा हा पट्टेदार मासाही आहे. बोटियाची नोंद तर ‘संकटग्रस्त’ गटात आहे. पी पफरची पैदास टाकीत होऊ शकते. मग नदीतून ओरबाडलेला मासा घेण्याचे कारण उरत नाही. नदीतून पकडलेले मासे पुष्कळदा पोट खपाटीला गेलेले आणि आतून परजीवींनी पोखरलेले असतात.

तेव्हा विकत घेण्याआधी दुकानदाराला विचारा, मासा टाकीत जन्मलेला आहे की नदीतून पकडलेला? हिरव्या अंगावर ठिपके असलेला मोठ्या जातीचा पफर तो गोड्या पाण्यातला म्हणून देऊ लागला, तर नाही म्हणा. तो पफर १५ सेंटिमीटरपर्यंत वाढतो आणि त्याला निमखारे पाणी लागते. आणि सांभाळणे जमले नाही, तर मासा परत करा किंवा दुसऱ्या जाणत्या छंदप्रेमीला द्या. हिंगोलीच्या कयाधू नदीत, सिद्धेश्वर किंवा इसापूर धरणात तो कधीही सोडू नका. घरगुती टाक्यांतून आलेल्या सकर माशाने उजनी धरणाच्या मच्छीमारांचे किती नुकसान केले, हे आपल्यासमोर आहे.