सही कुणाची, घर कुणाचे?

‘घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून’ असे आपण मराठीत म्हणतो. शेजारची कन्नड मंडळी ‘मने कट्टि नोडु, मदुवे माडि नोडु’ म्हणतात. भाषा दोन, अनुभव एकच. एका शब्दाची मात्र गंमत आहे. मराठीत ‘साल’ म्हणजे वर्ष, तर कन्नडमध्ये ‘साल’ म्हणजे कर्ज. गृहकर्ज घेणाऱ्याला हे दोन्ही अर्थ एकदमच कळतात, कारण वीस-वीस साले ते साल फेडत राहावे लागते. ‘सही’ आणि ‘जामीन’ हे शब्द मात्र दोन्ही भाषांत जवळजवळ सारखेच आहेत. आज लिहायचे आहे ते या सहीविषयीच.

आपल्या जोयडा तालुक्यात पगारदार माणसाच्या सहीला फार किंमत आहे. त्याला कारणही तसेच आहे. तालुक्याचा बराचसा भाग जंगलाचा. त्यातला मोठा पट्टा काळी व्याघ्र प्रकल्पात. सुपा धरणाच्या पाण्याखाली जुने सुपा गाव गेले, तालुक्याचे ठिकाण जोयड्याला आले, धरणग्रस्त कुटुंबे रामनगरसारख्या ठिकाणी नव्याने वसली. अनेक घरांची पहाणी अजून आजोबांच्या नावावर आहे, वाटण्या झालेल्या नाहीत. कुणाची कसवणूक पिढ्यान्‌पिढ्या वनजमिनीवर आहे. जमीन आहे, पण तिचा कागद बँकेच्या टेबलावर फारसा चालत नाही. मुले शिकून बेळगाव, हुबळी, फोंडा, मडगाव, पुणे इकडे गेली. तिथे घर घ्यायचे म्हटले की एकट्याचा पगार पुरत नाही. मग बँकेतले साहेब विचारतात, ‘घरात आणखी कोण कमावते?’ आणि गावाकडे फोन येतो. शिक्षक, परिवहन खात्यातला वाहक, दांडेलीच्या कागद गिरणीतला कायम कामगार, पेन्शनवर असलेले काका. मी कॉलेजात शिकवते, म्हणून आमच्या नात्यात हा फोन बहुधा माझ्याकडे येतो. वाक्यही ठरलेले असते: ‘अक्का, फक्त एक सही हवी आहे.’

या ‘फक्त’ शब्दाचा अर्थ आपण नीट समजून घेतला पाहिजे.

तीन सह्या, तीन अर्थ

गृहकर्जाच्या कागदांवर घरातला माणूस तीन नात्यांनी सही करू शकतो. पहिले नाते सहकर्जदाराचे. त्याचे उत्पन्न मुख्य अर्जदाराच्या उत्पन्नात मिळवले जाते आणि त्यामुळे कर्जाची रक्कम वाढते. पण कायद्याच्या दृष्टीने तो मदतनीस नसतो, तो स्वतःच कर्जदार असतो. भारतीय करार कायदा, १८७२ च्या ४३व्या कलमाप्रमाणे, अनेकांनी मिळून एक वचन दिले असेल तर ते पुरे करण्यास त्यांतल्या कुणाही एकाला सांगता येते. म्हणजे अर्धा हप्ता याचा, अर्धा त्याचा, असे बँकेला मान्य नसते. प्रत्येक जण पूर्ण रकमेला बांधलेला.

दुसरे नाते जामीनदाराचे. त्याचे उत्पन्न कर्जाच्या हिशेबात धरत नाहीत. बँकेला जास्तीचा भरवसा हवा असतो, म्हणून त्याला उभे करतात. ‘आधी त्याच्याकडून वसूल करतील, नाहीच मिळाले तर माझ्याकडे येतील,’ असे अनेकांना वाटते. कायदा तसे म्हणत नाही. याच कायद्याच्या १२८व्या कलमाप्रमाणे, करारात वेगळे काही लिहिलेले नसेल तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. बँक ऑफ बिहार विरुद्ध दामोदर प्रसाद या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९६८ साली हे स्पष्ट केले. कर्जदाराचा पिच्छा संपेपर्यंत थांबा, असे जामीनदार बँकेला सांगू शकत नाही.

तिसरे नाते सहमालकाचे. ही सही खरेदीखतावर असते आणि घरात हिस्सा देते. आपल्या घरांत खरा गोंधळ इथेच होतो. जे घराचे सहमालक असतात त्यांना बँका बहुधा सहकर्जदार करून घेतात. उलट मात्र होत नाही. सहकर्जदार झालात म्हणून घर तुमच्या नावावर लागत नाही. कितीतरी नोकरदार बायकांची सही कर्जाच्या पानापानावर आहे, आणि खरेदीखतात मात्र एकट्या नवऱ्याचे नाव आहे. विवाहित बहिणींची गोष्ट त्याहून अवघड. माहेरच्या प्रेमाने सही होते, हप्त्याचा भार मात्र सासरच्या घरावर राहतो. आयकराची सवलतही अशा बाईला मिळत नाही. जुनी करपद्धत निवडली, तर राहत्या घराच्या कर्जावर व्याजापोटी २ लाखांपर्यंत आणि मुद्दलापोटी दीड लाखापर्यंत वजावट मिळते, पण त्यासाठी कर्जदार आणि मालक अशी दोन्ही नाती हवीत.

मामा आणि भाचा

आमच्या ओळखीतले एक मामा सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले. भाचा गोव्यात खाणीच्या मालवाहतुकीत कामाला होता. पगार बरा होता, फोंड्याजवळ छोटा फ्लॅट घेतला आणि मामा जामीन राहिले. २०१२ साली गोव्यातल्या लोहखनिजाच्या खाणी बंद झाल्या. अनमोड घाटापलीकडच्या त्या एका निर्णयाने अलीकडच्या किती घरांतल्या चुली मंदावल्या, ते आपल्या भागाला सांगायला नको. भाच्याचे काम गेले. दोन महिने त्याने उसनवारी करून हप्ते भरले, पुढे ते थांबले.

हप्ता ९० दिवसांहून अधिक थकला की बँक ते खाते अनुत्पादित ठरवते. नंतर २००२ च्या सरफेसी कायद्याखाली ६० दिवसांची नोटीस काढता येते, आणि त्या कायद्याच्या व्याख्येत ‘कर्जदार’ या शब्दात जामीनदारही येतो. नोटीस मामांच्या दारात आली. त्यांनी मुलीच्या लग्नासाठी ठेवलेली मुदत ठेव मोडली आणि थकबाकी भरली. पैसा भरून प्रश्न मिटला असे वाटले. दोन वर्षांनी घराचे छप्पर बदलायला मामांनी स्वतः कर्ज मागितले, तेव्हा त्यांच्या पतअहवालात भाच्याचे ते थकीत खाते निघाले. जामीन राहिलेले कर्ज आपल्याही नोंदीत दिसते, हे त्यांना तेव्हा कळले.

कायद्याने मामांना हात दिला नसता असे नाही. जामीनदाराने जे भरले ते कर्जदाराकडून परत घेण्याचा हक्क त्याला आहे, १४५वे कलम तेच सांगते. पण भाच्याला कोर्टात कोण ओढणार? हक्क कागदावर राहिला. पुढे भाच्याने पिकअप चालवून थोडे थोडे पैसे फेडले. तरी मधली तीन वर्षे चवथीला मामा बहिणीच्या घरी जेवायला गेले नाहीत. दोघांपैकी कुणीही लबाड नव्हते. सही करताना ‘काम गेले तर काय?’ हा प्रश्न कुणी उच्चारला नव्हता, एवढेच.

आमच्या घरातला हिशेब

गेल्या वर्षी माझ्या धाकट्या भावाने बेळगावात घर बघितले. किंमत २४ लाख, जवळची शिल्लक ४ लाख, म्हणून कर्ज हवे होते २० लाखांचे. तो उद्यमबागेत एका कारखान्यात कामाला आहे, हातात २८ हजार पडतात. त्याच्या बँकेने पगाराच्या साधारण ४० टक्क्यांपर्यंत हप्ता धरला. साडेआठ टक्के व्याजाने वीस वर्षांसाठी लाखाला सुमारे ८६८ रुपये हप्ता बसतो. म्हणजे एकट्याच्या पगारावर तेरा लाखांच्या आतच कर्ज मिळत होते. फोन माझ्याकडे आला.

आमचे घर दोन भाषांचे. सासर धारवाडकडचे, तिथे कन्नड. माहेर जोयड्याचे, तिथे मराठी. यजमानांनी नकार दिला नाही, त्यांनी एकच विचारले, ‘सालात तुझे नाव, घरात कुणाचे?’ प्रश्न संशयाचा नव्हता. आमची मुलगी तीन वर्षांनी इंजिनिअरिंगला जाईल. तेव्हा शैक्षणिक कर्ज लागले तर २० लाखांचा हा हप्ता बँक माझ्याच पगारातून वजा धरणार होती. तो हप्ता १७,३५६ रुपयांचा. वीस वर्षांत एकूण फेड ४१ लाख ६५ हजारांच्या वर. सही एका मिनिटाची आणि आकडा हा.

रविवारी आम्ही सगळे जोयड्याच्या घरी बसलो. बाबा आधी नाराज होते. भावंडांत असले हिशेब कशाला, असे त्यांचे म्हणणे. पण वही उघडल्यावर वाट दिसली. भावजय बेळगावात खासगी शाळेत शिकवते. पगार १२ हजार, पण तो बँकेतून होतो. तिचे उत्पन्न कुणी मोजलेच नव्हते. दोघांचे मिळून ४० हजार, त्यावर १६ हजारांचा हप्ता, म्हणजे अठरा लाखांच्या थोडे वर कर्ज. कमी पडत होते दोन लाख. ते मी हातउसने दिले. २० हजार किंवा त्याहून अधिक रक्कम रोख उसनी घ्यायला आयकर कायद्याची आडकाठी आहे, म्हणून चेकने दिले. पाच वर्षांत परत करायचे, असे साध्या कागदावर लिहून आम्ही दोघांनी सह्या केल्या. भावजय सहकर्जदार झाली, आणि बाबांच्याच सांगण्यावरून खरेदीखतात तिचेही नाव लागले.

दोन लाख देणे ही मोठी मदत आणि सही म्हणजे फुकटची मदत, असे आपल्याला वाटते. वस्तुस्थिती उलटी आहे. दिलेल्या पैशाला मर्यादा असते. बुडाले तर दोन लाख बुडतील. सहीला ती मर्यादा नसते. ज्याला खरेच मदत करायची आहे त्याने आधी पाहावे, की सहीच्या जागी ठरावीक रक्कम देऊन भागते का, किंवा घर थोडे लहान घेता येते का.

सही करायचीच असेल तर

प्रत्येक वेळी असा मार्ग निघत नाही. आई-वडील मुलासाठी, नवरा-बायको एकमेकांसाठी सही करणारच, आणि ती करावीही. त्यातूनच आपल्याकडची घरे उभी राहिली आहेत. फक्त काही गोष्टी आधी बघाव्यात.

कोणत्या नात्याने सही करतो ते शाखेत स्पष्ट विचारावे. कागद इंग्रजीत असतात म्हणून मान हलवू नये. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार १ ऑक्टोबर २०२४ पासून गृहकर्जासारख्या नव्या किरकोळ कर्जांना ‘की फॅक्ट्स स्टेटमेंट’ म्हणजे मुख्य बाबींचे पत्रक द्यावे लागते. ते कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत हवे आणि त्याला समजावूनही सांगायला हवे. आपल्या घरात एकाला कन्नड वाचता येते, दुसऱ्याला मराठी. दोघांनी बसून ते वाचावे.

सही करणाऱ्याचे वयही बघावे. साधारण सत्तरीपर्यंत कर्ज फिटावे अशी बँकांची अपेक्षा असते. साठीच्या वडिलांना सहकर्जदार केले तर मुदत कमी होऊन हप्ता वाढू शकतो. कर्जाइतक्या रकमेचा मुदत विमा कर्जदाराने काढावा, कारण माणूस गेला तरी सहकर्जदाराचे आणि जामीनदाराचे देणे संपत नाही. वर्षातून एकदा पतअहवाल फुकट मिळतो. तो मागवून आपण सही केलेले खाते वेळेवर चालले आहे ना, हे स्वतः पाहावे, भाच्याला विचारून अवघडायला नको.

बाहेर पडण्याची वाटही आधीच ठरवावी. बँकेच्या संमतीशिवाय नाव निघत नाही. पण भावाचा पगार वाढल्यावर त्याला एकट्याच्या नावावर कर्ज दुसऱ्या बँकेत नेता येते, आणि घरासाठी व्यक्तीने घेतलेल्या बदलत्या व्याजदराच्या कर्जावर मुदतपूर्व फेडीचा दंड लागत नाही. कर्ज पूर्ण फिटल्यावर ३० दिवसांत घराचे मूळ कागद परत मिळाले पाहिजेत. बँकेमुळे उशीर झाला तर दिवसाला ५ हजार रुपये भरपाई आहे, हा नियम १ डिसेंबर २०२३ पासून लागू आहे.

आणि शेवटचे, घरातल्या बायकांसाठी. बँकेतून निघण्याआधी दोन कागद शेजारी ठेवा, कर्जाचा करार आणि खरेदीखत. एकावर तुमचे नाव आहे आणि दुसऱ्यावर नाही, असे असेल तर कारण विचारा. उत्तर पटले तर सही करा. ते विचारण्याने नाते तुटत नाही. मामा-भाच्यांत दुरावा आला तो न विचारल्यामुळे.