लाकडी नंदी समजतो, मग अमूर्त चित्र का नाही?

पांढुर्णा : ‘हे कशाचं चित्र होय?’ आधुनिक चित्रासमोर उभं राहिलं की पहिला प्रश्न हाच. उत्तर सापडलं नाही की ‘आपल्याला नाही समजत बुवा’ म्हणत माणूस पुढे सरकतो. पांढुर्णा-सौसरच्या माणसाने तरी इतक्या लवकर हार मानू नये.

तान्ह्या पोळ्याला पोरं ओढतात तो लाकडी नंदी आठवा. खुरांच्या जागी चाकं. कातडीच्या सुरकुत्या नाहीत. सुताराने ठेवलं ते वशिंड, शिंगं आणि मानेचा बाक. तरी त्याला कुणी घोडा म्हणत नाही. हुबेहूबपणा सोडून मोजकं तेवढं ठेवायचं, अमूर्ताकडे जाणारी वाट इथूनच निघते.

या वाटेवरची दोन मोठी नावं आपल्या शेजारचीच आहेत. सैयद हैदर रझा 1922 साली मंडला जिल्ह्यातल्या बाबरियात जन्मले आणि चित्रकला शिकायला नागपूरला आले. त्या काळी मंडला, छिंदवाडा, नागपूर सारे एकाच मध्य प्रांतात होते. लहानपणी चंचल मन ठिकाणावर यावं म्हणून गुरुजींनी भिंतीवर एक ठिपका काढून त्यांना त्याकडे बघत बसवलं होतं. अनेक वर्षं फ्रान्समध्ये निसर्गचित्रं रंगवल्यावर तोच ठिपका ‘बिंदू’ होऊन त्यांच्या कॅनव्हासवर आला. दुसरे वासुदेव गायतोंडे, जन्म 1924, नागपूरचाच. त्यांच्या चित्रात तर ठिपकासुद्धा शोधू नये. रोलर आणि पॅलेट नाइफने चढवलेले, खरवडलेले रंगांचे थर आहेत. ते निवांत बघायचे, बस.

रोजचं जगणं मात्र सगळ्यांनीच सोडलं नाही. प्रभाकर बरवे यांनी घड्याळ, पान, शिंपला अशा साध्या वस्तू घेतल्या, पण त्यांच्या नेहमीच्या जागेवरून उचलून मोकळ्या अवकाशात ठेवल्या. वस्तू ओळखू येते, तरी परकी वाटते. त्यांचं ‘कोरा कॅनव्हास’ हे पुस्तक मराठीतच आहे. ज्याला या विषयात शिरायचं, त्याने तिथून सुरुवात करावी. ठाण्याचे सुधीर पटवर्धन 2005 पर्यंत पेशाने रेडिओलॉजिस्ट होते. त्यांनी गिरणगाव, लोकल, इराणी हॉटेलातला माणूस रंगवला, ओळखू येईल असा.

इकडे शेतात ट्रॅक्टर आले, गोठे रिकामे होत चालले. ज्या पोराच्या दारात बैल कधी बांधलाच नाही, त्याच्या हातात आता फक्त लाकडी नंदी उरतो. त्याने विचारलं, ‘बाबा, हे कशाचं होय?’ तर?