बाळ एका राज्यात, आईबाबा दुसऱ्या
(दत्तकाची वाट : लेखांक ५)

सांगलीतल्या जोडप्याला बाळ सुचवले जाते ओडिशातल्या संस्थेतले. फोटो पाहून घर हरखते, आणि तासाभरात प्रश्न सुरू होतात. भाषा वेगळी, कचेऱ्या वेगळ्या. वकील तिकडचा करायचा की इकडचा? वकिलाची गरज सहसा पडतच नाही. कुठले काम कोणत्या जिल्ह्यात होते, एवढे समजले की निम्मी धास्ती जाते.

२०१५च्या ऑगस्टपूर्वी बहुतेक पालक जवळपासच्या संस्थेत नाव नोंदवत आणि तिच्या यादीत ताटकळत. मग दत्तकाचे काम पाहणाऱ्या ‘कारा’ या केंद्रीय यंत्रणेने देशभराची एकच ऑनलाइन रांग केली. त्यामुळे परराज्यातले बाळ ही आता नवलाई राहिलेली नाही.

होम स्टडी, म्हणजे तुमच्या घराची आणि कुटुंबाची पाहणी, तुमच्या राहत्या ठिकाणी होते. पालक म्हणून तुम्ही योग्य आहात की नाही, हे तिथेच ठरते. तिचा अहवाल तीन वर्षे चालतो आणि देशभर तोच ग्राह्य धरला जातो, त्यामुळे ओडिशासाठी तो नव्याने करावा लागत नाही. बाळ दत्तक देण्यासाठी कायद्याने मोकळे आहे, हा निर्णय मात्र बाळाच्या जिल्ह्यातली बालकल्याण समिती देते. जन्मदात्यांनी स्वतःहून सोपवलेले मूल असेल, तर त्यांना फेरविचारासाठी ६० दिवस दिलेले असतात. ते उलटल्याशिवाय मूल दत्तकासाठी मोकळे ठरत नाही.

सुचवलेले बाळ ४८ तासांत राखून ठेवावे लागते. त्यानंतर तिथल्या संस्थेत जाऊन बाळाला भेटायचे. या टप्प्यावर घाई करू नये असे माझे स्पष्ट मत आहे. बाळाचा वैद्यकीय अहवाल आपल्या विश्वासातल्या बालरोगतज्ज्ञाला दाखवण्याचा हक्क नियमांनीच दिला आहे. ‘संस्थेला काय वाटेल’ म्हणून अनेक जण तो वापरत नाहीत, हा संकोच अनाठायी आहे. बाळाला कोणते दूध चालते, कोणत्या लसी झाल्या, ते कोणत्या भाषेतल्या हाकेला वळून पाहते, हेही सांभाळणाऱ्या मावशींना विचारून घ्या. ओडिया अंगाईची सवय असलेले बाळ सांगलीत पहिल्या रात्री रडले, तर त्यात नवल नाही.

पसंती झाली की हमीपत्रावर सह्या करून बाळ दत्तकपूर्व संगोपनासाठी घरी आणता येते. दत्तकाच्या अंतिम आदेशासाठी तिकडे मुक्काम ठोकावा लागत नाही. प्रवासात हमीपत्राच्या आणि बाळाच्या कागदांच्या प्रती हाताशी ठेवा. विमानात बाळाच्या वयाचा पुरावा मागतात.

आदेशाचा अर्ज तिथली संस्थाच करते, तोही बाळाच्या जिल्ह्यात. १ सप्टेंबर २०२२ पासून हा अधिकार न्यायालयाऐवजी जिल्हाधिकाऱ्यांकडे गेला. अर्ज दोन महिन्यांत निकाली निघावा असे कायदा म्हणतो. कचेरीचे कॅलेंडर नेहमी कायद्याप्रमाणे चालते असे नाही, तेव्हा संस्थेकडे अधूनमधून विचारणा करत राहा. आदेशानंतर नव्या जन्मदाखल्यासाठीही संस्थाच अर्ज करते आणि त्यावर आईवडील म्हणून तुमचीच नावे येतात. पुढची दोन वर्षे दर सहा महिन्यांनी होणारी पाहणी पुन्हा तुमच्या गावीच होते.

या वाटेचा कंटाळा येतो, हे मान्य. नेमक्या त्याच वेळी कोणीतरी सांगत येतो, ‘शेजारच्या राज्यात एक नर्सिंग होम आहे, बाळ लगेच मिळेल, नोटरी करून घेऊ.’ १९५६च्या हिंदू दत्तक कायद्याचा दाखलाही दिला जातो. पण त्या कायद्यातही मूल देण्याचा अधिकार आईवडिलांना किंवा न्यायालयाच्या परवानगीने पालकाला आहे. डॉक्टर, दाई किंवा मध्यस्थाला नाही, आणि मोबदला घेणे-देणे तर त्यातही गुन्हाच आहे. बाल न्याय कायद्यानुसार मुलाच्या खरेदी-विक्रीला पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपये दंड होऊ शकतो. त्यात रुग्णालयाचे कर्मचारी सामील असतील, तर त्यांना तीन ते सात वर्षांची शिक्षा आहे.

तुमच्याकडे कोणी असा प्रस्ताव घेऊन आले, तर नुसता नकार देऊन थांबू नका. चाइल्ड हेल्पलाइनच्या १०९८ क्रमांकावर कळवा.